सनद म्हणजे काय? पाटणच्या तेलाच्या पळीपासून तहसिलीतल्या फलकापर्यंत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या न्यायालयाच्या आवारात नव्या वकिलाला ‘सनद कधी मिळाली?’ असे विचारले जाते. गावठाणातल्या घराची मोजणी झाली की घरमालकाच्या हातात भूमी अभिलेख खात्याचा जो कागद पडतो, त्यालाही सनदच म्हणतात. शेतजमिनीवर घर बांधू पाहणारा माणूस बिनशेतीच्या सनदेसाठी फेऱ्या मारत आला आहे, वर्तमानपत्रे जिल्हाधिकाऱ्यांचा उल्लेख सनदी अधिकारी म्हणून करतात आणि तहसील कार्यालयाच्या भिंतीवर ‘नागरिकांची सनद’ या मथळ्याचा फलक लटकलेला असतो. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द लागू पडतो याचे कारण असे, की या सर्वांच्या मुळाशी एकच व्यवहार आहे आणि तो व्यवहार समजला म्हणजे इंग्लंडच्या मॅग्ना कार्टापासून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपर्यंत पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

तो व्यवहार थोडक्यात असा. ज्याच्या हाती अधिकार आहे तो एखाद्या व्यक्तीला, संस्थेला किंवा समूहाला काही हक्क, सवलत किंवा दर्जा लेखी देतो आणि दिलेल्या शब्दाने स्वतःला बांधून घेतो. कायदा सर्वांना उद्देशून असतो. सनद बहुधा कोणाला तरी नेमके उद्देशून असते. करारात दोन बाजू बरोबरीने बसतात. सनदेत देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर असतो, निदान कागदावर तरी. इंग्रजीतला ‘चार्टर’ हा शब्द लॅटिनमधल्या कागदवाचक शब्दावरून आला, तर अरबीतून आपल्याकडे आलेल्या ‘सनद’ या शब्दाचा मूळ अर्थ आधार किंवा टेकू असा आहे. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो, कारण सनदेबाबत विचारायचा खरा प्रश्न कागद कसा आहे हा नसून, वेळ आल्यावर तो आधार भार पेलतो की नाही, हा आहे.

खानदेशात या विषयाची सुरुवात चाळीसगावजवळच्या पाटण येथून करणे योग्य ठरेल. पाटणादेवीमुळे हे ठिकाण सर्वांना माहीत आहे. तेथे सापडलेला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ काढला आणि यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न नेमून दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु कोणी काय द्यायचे हा मुद्दा आला, की लेख जुन्या मराठीत बोलू लागतो. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजघराण्याला मिळणारी रक्कम ‘मठा दीन्हला’, म्हणजे मठाला दिली. जितके घाणे चालत असतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल. जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापणावळ अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची.

हा भाषाबदल सहज झालेला नाही. वंशाची स्तुती संस्कृतात चालते, पण तेल्याने किती तेल द्यायचे हे तेल्याला समजले पाहिजे. ज्याच्यावर बोजा पडतो त्याच्या भाषेत बोजा लिहिणे हा सनदेचा पहिला गुण आहे, आणि आठशे वर्षांनंतरच्या आपल्या शासकीय परिपत्रकांना तो अजून पुरता साधलेला नाही.

आता या लेखाची बांधणी पाहावी. देणारा कोण, घेणारा कोण, कोणते उत्पन्न, किती प्रमाणात, कोणत्या मापाने आणि कशासाठी, हे सर्व त्यात आले आहे. लक्षात घेण्याची बाब अशी, की सोइदेवाने स्वतःच्या कोठारातून तेल दिले नाही. तेल वसूल करण्याचा हक्क दिला. सनदेने वस्तूपेक्षा हक्क हस्तांतरित होतो आणि त्या हक्काचा भार बहुधा तिसऱ्याच माणसावर, येथे घाणा चालवणाऱ्यावर आणि बाजारातल्या गिऱ्हाइकावर पडतो. त्यामुळे कोणतीही सनद वाचताना देणारा आणि घेणारा यांच्याबरोबर हा तिसराही शोधावा.

अशा दानपत्रांत दान किती काळ चालावे, हे ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, या शब्दाने सांगत. ते मोडले तर काय, याचे उत्तर शेवटच्या श्लोकात येई: आपण दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन राहील. आज हे वाचून हसू येते. परंतु राजाच्या वर दाद मागायला कोणीच नसताना त्याच्या वंशजाला बांधून ठेवायचे कसे, या प्रश्नाला तेव्हा शापाखेरीज दुसरे उत्तर नव्हते. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या शापाच्या जागी काय ठेवायचे, याचा शोध आहे, असे म्हटले तरी चालेल.

पाटणच्या लेखानंतर आठ-नऊ वर्षांनी, १५ जून १२१५ रोजी, टेम्स नदीकाठच्या रनीमीड या कुरणात इंग्लंडचा राजा जॉन याने आपल्या बंडखोर उमरावांना जी सनद दिली ती मॅग्ना कार्टा. तिचे नाव घेतले की स्वातंत्र्य, मानवी हक्क असे मोठे शब्द पुढे येतात. ती प्रत्यक्षात वाचणाऱ्याला मात्र वारसाहक्काची फी, विधवेचा वाटा, नदीतले मासे पकडण्याचे बांध आणि मापे भेटतात. साऱ्या राज्यात द्राक्षमद्याचे, बिअरचे आणि धान्याचे माप एकच असावे, असे तिचे पस्तिसावे कलम सांगते. पाटणच्या मठाचे माप आणि लंडनचे धान्याचे माप एकाच पिढीत लेखी झाले, यात मला नवल वाटत नाही, कारण सत्तेचा जाच सामान्य माणसाला सर्वांत आधी मापातच जाणवतो. कापूस विकायला नेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मोठी कलमेही त्यात आहेत. एकोणचाळिसावे सांगते, की कोणाही मुक्त माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय अटक करता येणार नाही वा त्याची मालमत्ता हिरावता येणार नाही. चाळिसाव्यात राजा म्हणतो, की न्याय आम्ही कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणारही नाही. ‘मुक्त माणूस’ या शब्दांत त्या काळचे बहुसंख्य कष्टकरी येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु कायद्याच्या दृष्टीने सर्वांत धाडसी कलम एकसष्टावे होते. राजाने शब्द मोडला तर पंचवीस उमरावांच्या मंडळाने तक्रार करायची, चाळीस दिवस वाट पाहायची आणि तरीही दाद मिळाली नाही तर राजाचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्यायच्या, अशी ती तरतूद होती. शापाच्या जागी प्रथमच मुदत आली आणि मुदत संपल्यावर काय करायचे हेही आले.

उपाय अर्थातच ओबडधोबड होता, कारण त्याचा अर्थ कायदेशीर केलेले बंड इतकाच होत होता. दहा आठवड्यांच्या आत पोप तिसरा इनोसंट याने ही सनद जबरदस्तीने घेतलेली म्हणून रद्द ठरवली आणि यादवी सुरू झाली. पुढच्या वर्षी जॉन मरण पावला आणि त्याच्या अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहणाऱ्यांनी लोकांची मर्जी राखण्यासाठी तीच सनद, एकसष्टावे कलम गाळून, पुन्हा काढली. १२१६, १२१७, १२२५ असे तिचे पुनरुच्चार होत गेले आणि १२९७ मध्ये ती कायद्यांच्या अधिकृत नोंदीत आली. एखादी सनद दिल्याच्या दिवशी मोठी नसते. प्रत्येक नव्या राजाला ‘तुमच्या वडिलांनी हे दिले होते’ असे सांगणारे लोक टिकून राहिले, म्हणून ती मोठी झाली.

तिच्या नावातला ‘मॅग्ना’, म्हणजे मोठी, हा शब्दही थोरवीचा नाही. १२१७ मध्ये तिच्याबरोबर आणखी एक लहान सनद काढली गेली, म्हणून ही मोठी. ती लहान सनद जंगलाची होती. राजाने शिकारीसाठी राखून ठेवलेल्या जंगलांत आसपासच्या मुक्त माणसांना डुकरे चारणे, सरपण आणणे असे हक्क तिने मान्य केले आणि हरीण मारल्याबद्दल कोणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही, असे बजावले. मोठ्या सनदेची कीर्ती झाली, पण ज्यांची चूल जंगलावर चाले त्यांना लहानीचा उपयोग अधिक होता. आणि कीर्ती नसलेली ही सनद १९७१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात टिकून होती. सातपुड्यातल्या वाचकाला ही हकिकत ओळखीची वाटेल. तिच्याकडे पुन्हा येऊ.

सनदेचे दुसरे एक काम आहे आणि कायद्याच्या इतिहासात ते हक्क देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सनद कृत्रिम माणूस निर्माण करते. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची पंधरा वर्षांची मक्तेदारी सनदेने दिली. त्याच हिवाळ्यात अकबराची फौज खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या असिरगडाला वेढा घालून बसली होती आणि जानेवारी १६०१ मध्ये तो गड पडला. खानदेशची सुलतानशाही संपणे आणि जिच्या हाती दोन शतकांनी हाच प्रदेश जायचा त्या ईस्ट इंडिया कंपनीचा जन्म होणे, या दोन गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या.

त्या सनदेने व्यापाऱ्यांचे टोळके ‘एक व्यक्ती’ झाले. तिला नाव मिळाले, शिक्का मिळाला, स्वतःच्या नावाने मालमत्ता घेण्याचा आणि न्यायालयात उभे राहण्याचा हक्क मिळाला आणि सभासद मेले तरी ती मरणार नाही अशी व्यवस्था झाली. हे अवघड वाटत असेल तर आपल्या गावची विकास सोसायटी डोळ्यांपुढे आणावी. आजोबा तिचे सभासद होते, ते गेले, वडील झाले, आता नातू आहे. चेअरमन दर निवडणुकीत बदलतो. परंतु जिल्हा बँकेकडून घेतलेले कर्ज सोसायटीचेच राहते आणि दावा लागला तर तो सोसायटीवर लागतो. फरक एवढाच, की पूर्वी अशी कृत्रिम व्यक्ती राजाच्या सनदेने जन्मे आणि आज ती कायद्याखालच्या नोंदणीने जन्मते. सहकार कायदा १९६० चा, निबंधकाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम, ही तिन्ही मिळून सोसायटीची सनद होतात. उपविधीत नसलेले काम सोसायटी करू शकत नाही, हा नियमही सनदेच्याच वंशातला आहे: जितके दिले तितकेच, त्यापलीकडचे अधिकारबाह्य. विद्यापीठांचेही तसेच आहे. इंग्लंडमधली पुष्कळ विद्यापीठे राजाच्या सनदेवर चालतात. आपले १९९० साली स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जे आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, ते विधिमंडळाच्या कायद्याने जन्मले.

एलिझाबेथच्या सनदेने कंपनीला खानदेशात मात्र काहीच मिळाले नाही, आणि येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. देणाऱ्याची सत्ता जेथे संपते तेथे सनद संपते. त्या कागदाने इतर इंग्रज व्यापाऱ्यांना या व्यापारापासून दूर ठेवले, इतकेच. सुरतेत वखार घालायला किंवा बुऱ्हाणपूरच्या बाजारात कापड घ्यायला मोगलांचे फर्मान लागे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला शाहजादा परवेझकडे गेला, तो याच दुसऱ्या कागदाच्या खटपटीत.

मराठ्यांनाही हे ठाऊक होते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्यांत दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथ आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क होता आणि त्या सहांत खानदेश एक होता. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वार बादशहाच्या सेवेला ठेवायचे होते. वसुली तर आधीपासून तलवारीच्या जोरावर चालूच होती. मग कागद कशाला? कारण कागदाशिवाय घेतलेला पैसा लूट ठरतो आणि कागदावर घेतलेला महसूल ठरतो. त्याच कागदातली फट निजामाने हेरली. सनद छत्रपतींच्या नावाची आहे, पण छत्रपती साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हा वाद मिटेपर्यंत आम्ही कोणालाच देणार नाही, असा पवित्रा त्याने घेतला. वकिली डोक्याचा हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात गेला नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने त्याला शाहू महाराजांचा हक्क मान्य करावा लागला. शापाच्या जागी तलवार ठेवण्याचा हा प्रकार होय. तो चालतो, पण तलवार असेल त्याच्यापुरताच.

कंपनीच्या सनदेचे पुढे जे झाले ते कारभाराच्या दृष्टीने अधिक शिकण्यासारखे आहे. सनद राजाची होती, मुदतीची होती आणि मुदत संपताना ती वाढवून घ्यावी लागे. हळूहळू हे काम पार्लमेंटच्या हाती गेले. नगरपालिकेच्या गाळ्याचा भाडेपट्टा संपत आला, की पालिका जशी नवी अट घालते, तशी दर वीस वर्षांनी पार्लमेंट कंपनीला नवी अट घालू लागली. १८१३ च्या सनदी कायद्याने चहा आणि चीनशी असलेला व्यापार वगळता मक्तेदारी गेली आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला ठेवण्याचे बंधन आले. १८३३ च्या कायद्याने व्यापार पूर्ण बंद झाला आणि धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणाला कंपनीच्या नोकरीला अपात्र ठरवू नये असे कलम आले, जे बराच काळ कागदावरच राहिले. १८५३ मध्ये वरिष्ठ नोकऱ्यांसाठी खुली स्पर्धा परीक्षा आली आणि या वेळी वीस वर्षांची मुदतही दिली गेली नाही. पाच वर्षांनी कंपनीची सत्ताच संपली. राजाची मेहेरबानी म्हणून सुरू झालेला कागद असा कलमाकलमाने कायदा झाला. कंपनीच्या वरिष्ठ नोकरांना तिच्याशी लेखी करार करावा लागे. ‘सनदी नोकर’ हा शब्द त्या व्यवस्थेतून रुळला आणि कंपनी बुडाली तरी तरंगत राहिला.

आणखी एक जुना कागद आजही न्यायालयात रोज वापरला जातो. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ‘लेटर्स पेटंट’ने स्थापन झाले. लेटर्स पेटंट म्हणजे उघडे पत्र, सर्वांनी वाचावे म्हणून न चिकटवलेले. शोधाचे ‘पेटंट’ हाही तोच शब्द. १८६५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्या पंधराव्या कलमाखाली एकल न्यायमूर्तींच्या काही निर्णयांविरुद्ध त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढे अपील करता येते. राज्यघटनेच्या २२५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांचे जुने अधिकार चालू ठेवले, म्हणून जळगाव-धुळ्याचा वकील आज औरंगाबाद खंडपीठात ‘एलपीए’, म्हणजे लेटर्स पेटंट अपील, दाखल करतो तेव्हा तो राणीच्या सनदेवर बोट ठेवत असतो, फक्त तिला आता बळ राणीचे नसून घटनेचे आहे. वकिलाच्या स्वतःच्या सनदेचेही असेच झाले: ती १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडून मिळते, गैरवर्तन केल्यास निलंबित होते, आणि तिच्यासाठी कायद्यात लिहिल्यापेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले.

सनदेवर सारे अवलंबून ठेवले म्हणजे अन्यायही होतो, हे विसरून चालणार नाही. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला इनामांची, म्हणजे सारामाफीने किंवा सवलतीने दिलेल्या जमिनींची, चौकशी करण्याचे अधिकार मिळाले आणि ज्याला कागद दाखवता आला नाही त्याचे इनाम खालसा, म्हणजे सरकारजमा, होऊ लागले. वाळवी, पूर, घराची वाटणी आणि लढाया यांतून दीडशे वर्षांपूर्वीचा कागद वाचला असेल तर हक्क खरा, नाहीतर खोटा, अशी ती कसोटी होती. इनामे ठेवणे योग्य होते की नाही हा वेगळा प्रश्न आहे. माझा मुद्दा इतकाच, की हक्क आधी असतो की कागद आधी, या प्रश्नाचे उत्तर सत्ता आपल्या सोयीने देते.

या प्रश्नाला आपल्या काळात सर्वांत स्पष्ट उत्तर दिले ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यावर याला लोक नुसते ‘पट्टा’ म्हणतात. या कायद्याच्या नावातच वनहक्कांची ‘मान्यता’ हा शब्द आहे, आणि त्याच्या उद्देशिकेत या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. शासन येथे हक्क देत नाही. तो होताच, असे मान्य करते. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो, मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आदिवासी कुटुंबाच्या बाबतीत १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा लागतो, मर्यादा चार हेक्टरची आहे, पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने होतो आणि तो वारशाने जातो पण विकता येत नाही. मोहाची फुले वेचण्यासारखे गौण वनोपजाचे हक्क यात आहेत, चराईचे आहेत. १२१७ च्या लहान सनदेशी तुलना केली तर मागणी जवळजवळ तीच दिसते. बदललेले आहे ते क्रियापद. ‘देतो’च्या जागी ‘मान्य करतो’ आले की हात पसरणारा माणूस हक्कदार होतो आणि दावा फेटाळायचा झाला तर कारण सांगण्याची जबाबदारी समितीवर येते.

गावठाणातल्या घराची सनद ‘देतो’ आणि ‘मान्य करतो’ यांच्या मधोमध बसते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही, आणि म्हणून वडिलोपार्जित घर असूनही त्यावर कर्ज मिळणे कठीण जाई. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचे मोजमाप होते, चौकशी होते आणि मिळकत पत्रिका व सनद दिली जाते. ही सनद मालकी निर्माण करत नाही, असलेल्या ताब्याची आणि हद्दीची नोंद करते. त्यामुळे भावाभावांत किंवा शेजाऱ्याशी वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. चौकशीच्या वेळी नकाशावर आपली भिंत, ओटा आणि बोळ नीट आला आहे का हे पाहणे, नंतर वकील लावण्यापेक्षा स्वस्त पडते.

राज्यघटनेला सनद म्हणावे का? म्हणता येईल, पण तिच्यात मूलभूत उलथापालथ आहे. ‘आम्ही भारताचे लोक’ हे देणारे आहेत आणि ते ती ‘स्वतःप्रत अर्पण’ करतात, म्हणजे घेणारेही तेच. सरकार या व्यवहारात देणारा राहत नाही. शब्द मोडला तर काय, याचेही उत्तर तीतच आहे: अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि २२६ खाली उच्च न्यायालय. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची सुरुवातही ‘आम्ही लोक’ अशीच होते, परंतु तिची अंमलबजावणी ज्या सुरक्षा परिषदेकडे आहे तेथे पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे, त्यामुळे त्या पाचांपैकी कोणी ती मोडली तर परिषदेचे हात बांधलेले राहतात.

शेवटी भिंतीवरचा फलक. नागरिकांच्या सनदेची कल्पना १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि १९९७ पासून आपल्याकडे पसरली. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणाकडून, हे कार्यालयाने आधीच सांगायचे. एका तालुक्याच्या ठिकाणी मी पाहिलेल्या फलकावर सेवेचा आणि दिवसांचा रकाना सुबक रंगवलेला होता, तक्रार कोणाकडे करायची हा रकाना कोरा होता आणि अर्धा फलक कपाटाआड होता. कपाटाचे एक वेळ सोडून देता येईल, पण कोऱ्या रकान्याचे नाही. ‘मोडल्यास काय’ हे नसलेली सनद ही शुभेच्छापत्रासारखी असते.

तो रकाना भरण्याचे काम महाराष्ट्रात दोन कायद्यांनी केले. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा प्रत्येक कार्यालयाला नागरिकांची सनद तयार करायला लावतो आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे सांगतो. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा त्यापुढे जातो. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांत पहिले अपील, त्यानंतर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे करता येते. दोषी अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. रक्कम मोठी नाही, परंतु ती अधिकाऱ्याला वैयक्तिक लागते, आणि म्हणून तिचा धाक सरकारी तिजोरीतून जाणाऱ्या मोठ्या भरपाईहून अधिक असतो.

या सर्वाची सुरुवात अर्जाच्या पोचपावतीपासून होते. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला मागताना अर्ज सेतू केंद्रात दिला असो की ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर, पोच घ्यावी आणि तिच्यावर तारीख व मुदत आहे का हे तेथेच उभे राहून पाहावे, कारण मुदतीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात; अर्ज अपूर्ण असेल तर कोणता कागद राहिला तेही लेखी मागावे. ‘उद्या या’ हे तोंडी उत्तर अपिलाला जोडता येत नाही.